समाजमाध्यम कंपन्या, सरकारे आणि स्थानिक कायदे : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी धुळ्यात वकिली करतो. गेल्या काही वर्षांत धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील वाचनालये, महाविद्यालये आणि गावसभा येथे या विषयावर बोलण्याचे प्रसंग आले, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी श्रोत्यांनी तेच प्रश्न विचारले. त्यांची उत्तरे एका जागी असावीत म्हणून हे पान लिहिले आहे. ते सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःच्या प्रकरणात कागदपत्रे दाखवून वकिलाचा सल्ला अवश्य घ्यावा.

हा वाद नेमका कशाचा आहे आणि खान्देशातील माणसाचा त्याच्याशी काय संबंध?

कंपनीचे मुख्यालय कॅलिफोर्नियात असते, मजकूर साठवणारे संगणक आणखी कोणत्या तरी देशात असतात आणि तो मजकूर लिहिणारा व वाचणारा माणूस अमळनेर किंवा शिरपूर येथे असतो. अशा वेळी काय बोलणे गुन्हा ठरते, काय काढून टाकायचे, कोणाची माहिती पोलिसांना द्यायची हे कोणत्या देशाच्या कायद्याने ठरवायचे, हा मूळ प्रश्न आहे. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार भारतात व्हॉट्सॲपचे ५३ कोटी, यूट्यूबचे ४४.८ कोटी आणि फेसबुकचे ४१ कोटी वापरकर्ते होते. रावेर-यावलमधला केळीचा भाव, गावातील दशक्रियेची वेळ आणि शाळेची सूचना ज्या माध्यमातून येते, त्या माध्यमाचे नियम कोण ठरवतो हा दूरचा प्रश्न राहिलेला नाही. वर्तमानपत्रांत हा वाद सरकार विरुद्ध कंपनी असा मांडला जातो, परंतु ज्याचा मजकूर काढला गेला किंवा ज्याच्याविषयी खोटे पसरवले गेले तो माणूस हा यातील तिसरा पक्ष आहे, आणि माझ्या अनुभवात त्याचे म्हणणे सर्वांत शेवटी ऐकले जाते.

अशी भांडणे केव्हापासून होत आहेत?

फेसबुक जन्माला येण्यापूर्वीपासून. याहू या अमेरिकी कंपनीच्या लिलावाच्या संकेतस्थळावर नाझी काळातील वस्तू विकल्या जात होत्या. फ्रान्समध्ये अशा वस्तूंची विक्री व प्रदर्शन गुन्हा आहे, अमेरिकेत नाही. पॅरिसच्या न्यायालयाने नोव्हेंबर २००० मध्ये आदेश दिला की, फ्रान्समधील लोकांना या वस्तू दिसणार नाहीत अशी व्यवस्था कंपनीने करावी. कंपनीने अमेरिकी न्यायालयात धाव घेतली, पण वाद तेथे मिटण्यापूर्वीच तिने त्या वस्तूंची विक्री स्वतःहून थांबवली. आज जे वाद आपण पाहतो त्यांचा सगळा आराखडा या एका प्रकरणात दिसतो.

परदेशी कंपनीला भारताचा कायदा लागू होतो का?

होतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० या कायद्यात अशा कंपन्यांना ‘मध्यस्थ’ म्हटले आहे. त्याच्या कलम ७९ नुसार दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरासाठी मध्यस्थाला जबाबदार धरले जात नाही, मात्र त्याने कायद्याने सांगितलेली काळजी घेतली पाहिजे. टपाल खात्याला पाकिटातील मजकुरासाठी आपण दोषी धरत नाही, तसाच हा विचार आहे. फरक असा की, कोणते पत्र कोणाला आधी दाखवायचे हे टपाल खाते ठरवत नाही. या कंपन्या ते ठरवतात आणि त्यावरच जाहिरातीचे उत्पन्न मिळवतात. म्हणून त्यांना पूर्ण मोकळीक द्यावी हे मला पटत नाही.

२५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनी ही अट अधिक कडक केली. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या कंपनीने भारतात राहणारा मुख्य अनुपालन अधिकारी (कंपनी कायदा पाळते हे पाहणारा), पोलिसांशी समन्वय ठेवणारी व्यक्ती आणि तक्रार निवारण अधिकारी नेमलाच पाहिजे, असे हे नियम सांगतात. अनुपालन अधिकाऱ्यावर व्यक्तिशः खटला होऊ शकतो. त्यामुळे कंपनी परदेशात असली तरी तिचा एक माणूस येथील कायद्याच्या कक्षेत कायम असतो.

राईनपाड्याच्या घटनेनंतर काय बदलले?

हा प्रश्न साक्री तालुक्यात विचारला जातो तेव्हा सभा शांत होते. १ जुलै २०१८ हा रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढा परिसरातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने राईनपाडा येथे ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. त्या काळात मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अफवा व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या. फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतील मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जनजागृतीच्या चित्रफितीचा शेवट कापून तयार केलेली होती.

केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने त्याच आठवड्यात कंपनीला इशारा दिला. कंपनीने पुढे पाठवलेल्या संदेशावर तशी खूण दाखवण्यास सुरुवात केली, वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या आणि भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. जानेवारी २०१९ मध्ये हीच मर्यादा जगभर लागू झाली, आणि एप्रिल २०२० पासून वारंवार पुढे पाठवला गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. सरकारने कान उपटल्यावर कंपनीला जे एका महिन्यात करता आले ते तिला आधीही करता आले असते, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. त्या उन्हाळ्यात देशात अशा हत्या आधीच होऊ लागल्या होत्या.

पण सगळा दोष फोनवर टाकून चालत नाही. १ जुलैच्याच रात्री मालेगावात जमावाच्या तावडीत सापडलेल्या एका कुटुंबाला पोलिसांनी वेळेवर बाहेर काढले. फोन तेच होते, अफवाही तीच होती. पोलीस हाताशी होते म्हणून माणसे वाचली. सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै २०१८ रोजी झुंडबळींबाबत जे निर्देश दिले त्यांत प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला समन्वय अधिकारी नेमण्यास सांगितले, ते याच कारणाने. डोंगराळ पट्ट्यातील पोलीस चौकी, तिथली अपुरी माणसे आणि अनोळखी भटक्या माणसाविषयीचा जुना संशय हे प्रश्न कोणत्याही कंपनीला पत्र लिहून सुटणारे नाहीत.

संदेश सर्वांत आधी कोणी पाठवला हे व्हॉट्सॲप का सांगत नाही?

राईनपाड्यासारख्या घटनांनंतर सरकारने हीच मागणी लावून धरली आणि २०२१ च्या नियमांतील नियम ४(२) मध्ये ती आली. गंभीर गुन्ह्यांच्या तपासात न्यायालयाने किंवा सक्षम अधिकाऱ्याने आदेश दिल्यास कंपनीने पहिल्या प्रेषकाची ओळख पटवून द्यावी, असे हा नियम सांगतो. नियम लागू होण्याच्या तोंडावर, मे २०२१ मध्ये, व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेले. संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो, मधे कंपनीलाही तो वाचता येत नाही. पहिला प्रेषक शोधायचा तर प्रत्येक माणसाच्या प्रत्येक संदेशाची खूण साठवून ठेवावी लागेल, असे कंपनीचे म्हणणे आहे. एप्रिल २०२४ मध्ये तिच्या वकिलांनी न्यायालयात असेही सांगितले की, ही कुलूपबंदी (एन्क्रिप्शन) मोडायला लावली तर व्हॉट्सॲप भारतातून जाईल.

सरकारची बाजू पोकळ नाही. ज्याच्या घरातील माणूस जमावाने मारला त्याला ‘कोण बोलले ते सांगता येत नाही’ हे उत्तर देणे कोणालाही जड जाईल. तरीही मला ही तरतूद योग्य वाटत नाही. अफवेचा पहिला प्रेषक बहुधा दुसऱ्या राज्यात, कधी दुसऱ्या देशात असतो. ती आपल्या तालुक्यात आणणारा माणूस हजारावा असतो आणि त्याचा फोन पोलिसांना आजही तपासता येतो. एका गुन्हेगाराच्या शोधासाठी सासरी त्रास होत असल्याचे आईला कळवणारी मुलगी, अशिलाशी बोलणारा वकील आणि बातमीदाराला कागद देणारा कर्मचारी या सर्वांच्या संदेशांची नोंद ठेवणे हा फार मोठा सौदा आहे.

‘मन्हा व्हिडिओ कोनी काढा?’

हा प्रश्न अहिराणी गाणी आणि विनोदी चित्रफिती करणाऱ्या तरुणांकडून येतो, म्हणून तो त्यांच्याच शब्दांत ठेवला आहे. मजकूर दोन वाटांनी जातो. पहिली वाट कंपनीच्या स्वतःच्या नियमांची. संगीताचा हक्क, नग्नता, द्वेषमूलक भाषा अशा कारणांनी कंपनीची यंत्रणा मजकूर काढते. बहुतेक वेळा हेच घडलेले असते. दुसरी वाट सरकारी किंवा न्यायालयीन आदेशाची. त्या वेळी मजकूर अनेकदा पूर्णपणे काढला जात नाही, फक्त भारतात दिसेनासा होतो आणि ‘कायदेशीर मागणीमुळे उपलब्ध नाही’ अशा अर्थाची ओळ तेथे येते. नातेवाईक दुबईत असेल तर त्याला तो दिसतो का ते विचारावे. त्याला दिसत असेल तर आदेश भारतातून आला असण्याची शक्यता अधिक.

अहिराणीची स्वतःची एक अडचण आहे. ती देवनागरीत लिहिली जात असल्याने यंत्रणा तिला कधी मराठी, कधी हिंदी समजते आणि खान्देशात लाडाने उच्चारलेला शब्द शिवी ठरतो. उलट, अहिराणीत दिलेली खरी धमकी तिला कळत नाही. तक्रारीत आपल्या भाषेचे नाव स्पष्ट लिहावे आणि शब्दाचा अर्थ मराठीत समजावून द्यावा, असे मी सर्वांना सांगतो. एवढ्या भाषांच्या देशात व्यवसाय करायचा तर त्या भाषा समजणारी माणसे नेमणे ही कंपनीची जबाबदारी आहे. पण भारतीय नियमांत अधिकारी नेमण्याची सक्ती आहे, भाषा समजण्याची सक्ती मला आढळलेली नाही, आणि याची खंत वाटते.

सरकार कोणत्या अधिकाराने मजकूर काढायला लावते?

मुख्य तरतूद माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६९अ. देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था अशा ठरावीक कारणांसाठीच केंद्र सरकार मजकूर अडवू शकते. त्यासाठी लेखी कारणे, समितीपुढे सुनावणी आणि फेरतपासणी २००९ च्या नियमांत सांगितली आहे. आदेश न पाळणाऱ्या मध्यस्थाच्या जबाबदार व्यक्तीला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल प्रकरणात हे कलम वैध ठरवले ते या संरक्षक तरतुदी आहेत म्हणूनच. परंतु याच नियमांतील नियम १६ सर्व विनंत्या व तक्रारी गोपनीय ठेवण्यास सांगतो. परिणामी ज्याचे लिखाण अडवले त्याला कारण कळत नाही, आणि कारण न कळता आव्हान देणे म्हणजे अंधारात काठी फिरवणे.

२०२१ च्या प्रारंभी शेतकरी आंदोलनाच्या काळात ट्विटरने काही खाती सरकारच्या सांगण्यावरून अडवली, मग पुन्हा उघडली आणि नोटीस आल्यावर त्यांतील बरीचशी परत अडवली. जुलै २०२२ मध्ये कंपनी ३९ आदेशांविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात गेली. ३० जून २०२३ रोजी याचिका फेटाळली गेली आणि वर्षभराहून अधिक काळ आदेश न पाळल्याबद्दल कंपनीला ५० लाख रुपये भरण्यास सांगण्यात आले.

दुसरी तरतूद कलम ७९(३)(ब). तिच्यानुसार शासन किंवा त्याची संस्था मजकूर बेकायदेशीर असल्याचे कळवते आणि कंपनीने तो काढला नाही तर तिचे संरक्षण जाते. हे कळवण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सहयोग’ हे पोर्टल सुरू झाले. कलम ६९अ मधील सुनावणी व समिती टाळून हा मागचा दरवाजा उघडला आहे, असे म्हणत एक्स (पूर्वीचे ट्विटर) पुन्हा त्याच न्यायालयात गेले. २४ सप्टेंबर २०२५ रोजी ती याचिकाही फेटाळली गेली आणि कंपनीने अपिलात जाण्याचे जाहीर केले. त्यानंतर नियम दुरुस्त होऊन १५ नोव्हेंबर २०२५ पासून असे कळवण्याचा अधिकार सहसचिव किंवा त्यावरील, आणि पोलिसांत उपमहानिरीक्षक दर्जाच्या खास नेमलेल्या अधिकाऱ्यापुरता ठेवण्यात आला. ही दुरुस्ती स्वागतार्ह आहे. माझे म्हणणे एवढेच की, आदेशाची प्रत ज्याचा मजकूर आहे त्याच्या हाती पडली पाहिजे. तलाठी सात-बारावर फेरफार करण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस देतो. बोलण्याचा हक्क जमिनीच्या हक्कापेक्षा हलका का समजावा?

फेसबुकवर लिहिल्याबद्दल अटक होऊ शकते का?

२०१२ मध्ये पालघरला दोन तरुणींना एका फेसबुक टिप्पणीवरून अटक झाली, त्यांपैकी एकीने ती फक्त ‘लाइक’ केली होती. त्या घटनेनंतर ज्या कलमाला आव्हान दिले गेले ते कलम ६६अ वर उल्लेखिलेल्या २०१५ च्या निकालाने रद्द झाले. आजही एखाद्या नोटिशीत किंवा तक्रारीत ‘६६अ’ लिहिलेले दिसले तर तेथेच हरकत घ्यावी. मात्र धमकी, बदनामी, दोन समाजांत वैर पसरवणे यांसाठी भारतीय न्याय संहितेतील कलमे लागू होतातच.

गटात दुसऱ्याने काही टाकले तर ॲडमिनवर गुन्हा होतो का?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये स्पष्ट केले की, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर केवळ ॲडमिन आहे म्हणून सदस्याच्या संदेशासाठी त्याला दोषी धरता येत नाही.

सरकारबद्दलची बातमी खोटी आहे हे सरकारच ठरवू शकते का?

केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये तशी तरतूद केली होती. केंद्र सरकारच्या कामकाजाविषयीचा मजकूर खोटा किंवा दिशाभूल करणारा आहे हे सरकारने नेमलेला कक्ष ठरवणार आणि तो तसाच ठेवणाऱ्या कंपनीचे संरक्षण धोक्यात येणार, अशी ती योजना होती. या वेळी आव्हान देणारे लोक कंपन्यांचे नव्हते. एक विनोदी कलाकार आणि पत्रकार-संपादकांच्या संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली, तिसऱ्या न्यायमूर्तींनी २० सप्टेंबर २०२४ रोजी तरतूद घटनाबाह्य असल्याचे मत दिले आणि ती रद्द झाली. मोठ्या कंपन्यांनी या लढ्यात पुढाकार घेतला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्यात त्यांचा खर्च वाढतो त्यासाठी त्या न्यायालयात जातात. नागरिकाच्या हक्कासाठी नागरिकालाच जावे लागते.

टिकटॉक परत येईल का?

२९ जून २०२० रोजी, गलवान खोऱ्यातील चकमकीनंतर, कलम ६९अ खाली ५९ चिनी ॲप्सवर बंदी आली, त्यांत टिकटॉक होते. शिरपूर-साक्रीकडच्या वाड्यापाड्यांतील अनेक मुलामुलींनी त्यावर नाव कमावले होते आणि बंदीने त्यांचे प्रेक्षक एका रात्रीत गेले. देशाच्या सुरक्षेचा निर्णय सरकारचाच असतो. तरी उपजीविका बुडालेल्या कलाकारांचा विचार त्या वेळी कोणी केला नाही, हेही खरे. पुढे काय होईल याचे भाकीत मी करत नाही. दुसऱ्याच्या जागेवर सगळा संसार थाटू नये, चित्रफितींची मूळ प्रत स्वतःकडे ठेवावी, एवढे मुलांना सांगतो.

इतर देशांत कोण जिंकते?

ते देशाच्या बाजारपेठेवर आणि सरकारच्या तयारीवर अवलंबून असते. ब्राझीलमध्ये एक्सने काही खाती बंद करण्याचा आदेश पाळला नाही आणि देशात कायदेशीर प्रतिनिधीही ठेवला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अलेक्झांद्रे दे मोराइस यांनी ३० ऑगस्ट २०२४ रोजी ते माध्यम संपूर्ण देशात बंद केले. दंड भरून, प्रतिनिधी नेमून आणि खाती अडवून कंपनी ८ ऑक्टोबरला परतली. कॅनडात उलट घडले. बातम्यांसाठी वृत्तसंस्थांना पैसे द्यावेत असा कायदा होताच मेटाने ऑगस्ट २०२३ पासून तेथे फेसबुक व इन्स्टाग्रामवर बातम्याच दाखवणे थांबवले. ऑस्ट्रेलियातही फेब्रुवारी २०२१ मध्ये फेसबुकने हेच केले होते, पण काही दिवसांत तडजोड झाली. युरोपीय संघाने वेगळी वाट धरली : डिजिटल सेवा कायद्याखाली जागतिक उलाढालीच्या ६ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्याआधी, मे २०२३ मध्ये, आयर्लंडच्या नियामकाने वैयक्तिक माहिती अमेरिकेत पाठवल्याबद्दल मेटाला १.२ अब्ज युरो दंड ठोठावला.

नेपाळचे उदाहरण सर्वांत दुःखद आहे. नोंदणी केली नाही म्हणून सप्टेंबर २०२५ च्या सुरुवातीस सरकारने २६ माध्यमे बंद केली. ८ सप्टेंबरला तरुण रस्त्यावर उतरले, भ्रष्टाचाराविरुद्धचा साचलेला रागही त्यात होता. पहिल्याच दिवशी किमान १९ जण मृत्युमुखी पडले. बंदी मागे घेतली गेली आणि दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला. कंपन्यांनी नोंदणी करावी ही अपेक्षा रास्त होती. तिच्यासाठी सगळ्या देशाचे संवादाचे साधन तोडणे रास्त नव्हते.

आमच्या मुलांसाठी वयाची अट आहे का?

ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे आणि दंड मुलांना किंवा पालकांना नव्हे तर कंपन्यांना होतो. भारतात डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते; त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

माझ्याविषयी आक्षेपार्ह मजकूर आला तर मी कोठे जावे?

प्रथम मजकुराचा दुवा, तारीख आणि स्क्रीनशॉट जपून ठेवावा. घाईने सर्व पुसून टाकणारे लोक स्वतःचा पुरावा घालवतात. नंतर त्या कंपनीच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, त्याचे नाव व पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असावाच लागतो. २०२१ च्या मूळ नियमांत २४ तासांत पोच, १५ दिवसांत निकाल, आणि खासगी किंवा नग्न छायाचित्रांची तक्रार असेल तर २४ तासांत ती हटवण्याची पावले, अशा मुदती होत्या; फेब्रुवारी २०२६ च्या दुरुस्तीने निकालाची मुदत ७ दिवसांवर आणि अशा छायाचित्रांची २ तासांवर आली. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. २०२३ पासून अशा तीन समित्या आहेत, त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. फसवणूक झाली असेल तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवावा, कारण पैसे पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी अडवण्यास मिळणारा वेळ फार थोडा असतो. हिंसेची भीती असेल तर कंपनीच्या उत्तराची वाट न पाहता थेट पोलीस ठाण्यात जावे किंवा ११२ वर कळवावे.

सरकारी आदेशाला आव्हान द्यायचे असल्यास धुळे, जळगाव व नंदुरबारसाठी मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद खंडपीठ आहे. आदेशाची प्रत मिळाली नसली तरी याचिका करता येते, आणि त्या याचिकेत पहिली मागणी प्रत मिळावी हीच ठेवावी.